मोल्टन सॉल्टमध्ये टायटॅनियम कार्बाइड: करंट चालू करण्याआधीच जे बिघडतं ते

वितळलेल्या मिठात वीज सोडून कार्बाइड करायची ही पद्धत. तिच्यात पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, बाहेर काढली, धुतली, एक्सआरडीला (एक्स-रेनं पदार्थ ओळखायच्या चाचणीला) दिली आणि टायटॅनियम कार्बाइडच्या जागी कॅल्शियम टायटॅनेटचे पीक (आलेखातली टोकं) आले की बहुतेक जण पहिलं काम करतात ते व्होल्टेज वाढवायचं. मग क्लोरीन सुटतो, स्टीलचं रिटॉर्ट (भट्टीतलं बंद भांडं) गंजतं, पेलेट आतून तशीच राहते आणि ही पद्धतच बेकार असं ठरतं. व्होल्टेज बहुतेक वेळा बरोबरच असतं हो, गडबड झालेली असते मीठ (कॅल्शियम क्लोराइड) सुकवताना नाहीतर पेलेट दाबताना, म्हणजे पॉवर सप्लायचं बटण दाबायच्या आदल्या दिवशी. त्यामुळे या लेखात अर्ध्याहून जास्त जागा तयारीलाच गेलीय, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

केस एकच घेतोय. टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन मिसळून दाबलेली पेलेट ऋण टोकाला म्हणजे कॅथोडला, ग्रॅफाइटचा रॉड धन टोकाला म्हणजे अ‍ॅनोडला, मध्ये वितळलेलं कॅल्शियम क्लोराइड, तापमान ९०० अंश सेल्सिअस, वर आर्गॉन. ऑक्साइडमधला ऑक्सिजन आयन होऊन मेल्टमध्ये (वितळलेल्या मिठात) उतरतो, अ‍ॅनोडवर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड बनून निघून जातो आणि मागं राहिलेलं टायटॅनियम शेजारचा कार्बन पकडतं. टायटॅनियम स्वतः वितळत कधीच नाही, सगळं घनरूपातच घडतं, हे डोक्यात पक्कं ठेवा कारण पेलेटच्या छिद्रांचं महत्त्व त्यातूनच येतं. नायोबियम, टँटलमचं कार्बाइड करायचं असेल तरी क्रम हाच, वजनं तेवढी बदलतात.

टप्पा ०: हिशोब कागदावर

१ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडला ०.१५ ग्रॅम कार्बन लागतो (मोलला मोल). त्यातून जास्तीत जास्त ०.७५ ग्रॅम कार्बाइड मिळेल. रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन धरले तर १ ग्रॅम ऑक्साइडला १.३४ अँपिअर-तास लागतात, पण हा आदर्श आकडा झाला, प्रत्यक्षात याच्या काही पट चार्ज जातो कारण करंटचा बराच भाग मेल्टमध्ये वाया जातो. तेव्हा १.३४ झाले की बंद असं करू नका. आणि इतकं वाया कसं जातं म्हणून घाबरूही नका.

ऑक्साइड लॅब ग्रेडचाच घ्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची (लोखंड आणि टायटॅनियमच्या खनिजाची) काळी वाळू भरपूर आहे म्हणून तीच वापरून बघू असं एखाद्याच्या डोक्यात येतं, पण इल्मेनाइटमधलं लोखंड टायटॅनियमच्या आधी रिड्यूस होऊन बसतं आणि तुमच्या हातात भलतंच मिश्रण येतं. तो प्रयोग वेगळा, सध्या नको.

टप्पा १: मीठ सुकवणं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं. बाटलीवर बिनपाण्याचं म्हणजे अ‍ॅनहायड्रस लिहिलेलं असलं तरी एकदा उघडलेली बाटली अ‍ॅनहायड्रस राहत नाही, आणि जुलैत मुंबईत किंवा कोकणात बसून काम करत असाल तर वजन करेपर्यंतच वरचा थर ओला होतो. लोक काय करतात, ओव्हन थेट २५०-३०० अंशांवर लावतात आणि दोन तासांत मीठ कोरडं झालं म्हणतात. पण डायहायड्रेट (रेणूमागे दोन पाणी धरलेलं मीठ) १७५ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं, त्याचा चिखल होतो, वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी खाली अडकतं. ते पाणी पुढं तापमान वाढल्यावर मिठाशीच रिअ‍ॅक्ट होतं, हायड्रोजन क्लोराइड उडून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड मागं राहतो. म्हणजे पाणी गेलं खरं, पण ऑक्साइड ठेवून गेलं.

बरोबर क्रम असा:

१. मीठ रुंद ताटलीत पातळ पसरा, दीड-दोन सेंमीपेक्षा जाड थर नको.
२. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० ते १२० अंशांवर रात्रभर ठेवा. पंपाच्या आधी कोल्ड ट्रॅप (वाफ गोठवून अडवणारी नळी) लावा नाहीतर पंपाचं तेल खराब होणार, आणि मग लॅब असिस्टंट तुमच्याशी बोलणं बंद करणार.
३. मग हळूहळू २०० अंश, तिथं काही तास, आणि शेवटी ३००.
४. गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, थंड व्हायची वाट बघत उघडं ठेवू नका.

तपासणी १: डायहायड्रेटपासून सुरू केलं असेल तर वजनच सांगतं. त्यात पाणी २४.५ टक्के असतं, म्हणजे ५०० ग्रॅम घातलं तर ३७७-३७८ ग्रॅम उरायला पाहिजे. ३९० भरलं तर अजून पाणी आहे, परत ओव्हनमध्ये.

तपासणी २: १ ग्रॅम सुकलेलं मीठ २० मिली उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. अगदी फिकट गुलाबी आलं तर चालतंय, थोडा कॅल्शियम ऑक्साइड मेल्टमध्ये लागतोच. गडद गुलाबी आणि वर गढूळपणा आला तर ते मीठ ऑक्साइडनं भरलंय, ते सुकवून सुधारणार नाही, बाजूला काढा.

टप्पा २: पेलेट

आयआर स्पेक्ट्रोस्कोपीच्या लॅबमधली १३ मिमीची डाय (दाबायचा साचा) सगळीकडे मिळते, चालेल ती, फक्त आधीचं पोटॅशियम ब्रोमाइड पूर्ण पुसून घ्या. पण डायबरोबर सवयही येते, ८-१० टन दाबायची, आणि ती सवय इथं नुकसान करते. आपल्याला पारदर्शक चकती नकोय, आपल्याला छिद्रं हवीत. १३ मिमीच्या डायला १ ते २ टन पुरे. जास्त दाबलं की पेलेट घट्ट तर होतेच, वर डायमधून काढताना पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते ती वेगळीच.

छिद्रं कशासाठी? रिडक्शनच्या सुरुवातीला मेल्टमधला कॅल्शियम आणि ऑक्साइड आयन पेलेटमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडला चिकटून कॅल्शियम टायटॅनेट बनतो. ऑक्साइडच्या एका मोलला १८.८ घनसेंमी जागा लागते, टायटॅनेटला साधारण ३४. म्हणजे जवळपास दुप्पट फुगणार. घट्ट पेलेटमध्ये फुगायला जागाच नसते, मग छिद्रं बुजतात, मीठ आत जाऊ शकत नाही आणि आतला ऑक्साइड आयन बाहेर येऊ शकत नाही. बाहेरून काळी सुंदर पेलेट आणि तोडली की मध्ये फिकट गाभा, हा जो नेहमीचा किस्सा आहे ना, तो इथून येतो.

मिसळणं: ऑक्साइड आणि बारीक ग्रॅफाइट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉल मिल करा. मग भांडं तसंच ठेवून सुकवू नका, दोन्ही पावडरींची घनता वेगळी असल्यानं थर वेगळे होतात, हलवत हलवतच सॉल्व्हंट उडवा. सुकलेली पावडर पांढऱ्या कागदावर स्पॅट्युलानं दाबून ओढा, पांढरे ठिपके किंवा चकचकीत काळ्या रेघा दिसल्या तर परत मिल करा. मग पावडर बांधायला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाचे काही थेंब, आणि दाबा.

तपासणी: १ ग्रॅम ऑक्साइड अधिक ०.१५ ग्रॅम ग्रॅफाइट, या मिश्रणाची पूर्ण भरीव घनता साधारण ३.७८ ग्रॅम प्रति घनसेंमी येते. तुमची १३ मिमीची १.१५ ग्रॅमची पेलेट ४ मिमी जाड भरली तर तिची घनता २.१७, म्हणजे सुमारे ४३ टक्के पोकळी, छान. जाडी ३ मिमी आली तर पोकळी २४ टक्क्यांवर आली, ती पेलेट वापरू नका, फोडून परत दाबा. व्हर्निअरनं एक मिनिटाचं काम आहे हे, पण फार थोडे जण करतात.

आता सिंटरिंग, म्हणजे पेलेट भाजून घट्ट करणं. शुद्ध ऑक्साइडची पेलेट मफल फर्नेसमध्ये हवेत भाजतात म्हणून हीसुद्धा तिथंच टाकली तर कार्बन जळून जाणार, सरळ हिशोब आहे. आर्गॉनमध्ये ९०० अंशांवर तास-दोन तास ठेवा, हातात धरण्याइतकी ताकद आली की बास. त्याच्या फार वर नेऊ नका, तिथं कार्बन ऑक्साइडला खायला लागतो आणि तुमचं प्रमाण बिघडतं. भाजल्यावर कडेला पांढरी किनार दिसली तर आर्गॉन गळतोय, वजन करून बघा, किती कार्बन गेला ते कळेल.

शेवटी २ मिमीचं भोक पाडून मॉलिब्डेनमची तार ओवा, किंवा मॉलिब्डेनमच्या जाळीत गुंडाळा. निकेलची जाळी स्वस्त पडते पण ती टायटॅनियमशी मिश्रधातू करते, नको.

टप्पा ३: सेल जोडणं

अ‍ॅल्युमिनाचं क्रुसिबल, ते स्टीलच्या किंवा इन्कोनेलच्या भांड्यात, आणि ते भांडं रिटॉर्टमध्ये. मधलं भांडं वगळू नका, मीठ गोठताना अ‍ॅल्युमिना हमखास तडकतो आणि ४०० ग्रॅम मीठ भट्टीच्या कॉइलवर गेलं तर भट्टी संपली. ४०० ग्रॅम मीठ वितळल्यावर जेमतेम २०० मिली भरतं, पावडर मात्र त्याच्या दुपटीहून जास्त जागा घेते, त्यामुळे क्रुसिबल उंच घ्या.

अ‍ॅनोडचा ग्रॅफाइट घट्ट, बारीक दाण्याचा आणि मेल्टमध्ये भरपूर पृष्ठभाग देणारा हवा. कॅथोडपासून तीनेक सेंमी तरी लांब. मॉलिब्डेनमच्या तारेचा गरम भाग पूर्ण आर्गॉनच्या आत राहील असं बघा, हवेत ती ५००-६०० अंशांनंतर धूर होऊन जाते. थर्मोकपल म्यानासकट मेल्टमध्ये बुडवा, भट्टीचा डिस्प्ले आणि मेल्ट यांत फरक असतोच.

बाहेर जाणारा गॅस आधी रिकाम्या बाटलीतून, मग सोडियम हायड्रॉक्साइडच्या बबलरमधून. रिकामी बाटली यासाठी की भट्टी थंड होताना आत निर्वात झाला तर कॉस्टिक (तेच सोडियम हायड्रॉक्साइड) उलटं खेचलं जाऊन ९०० अंशांच्या मिठावर जाऊ नये.

सावध: कार्बन मोनॉक्साइड या सेलमधून निघतोच, क्लोरीन चुकीनं निघतो. फ्यूम हूड चालू पाहिजे आणि मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर पाहिजे. मोनॉक्साइडला वास नसतो, नाकावर भरवसा ठेवू नका.

गळती तपासायला आर्गॉन चालू करा, मग आत जाणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर गेज अर्धा तास बघा. घसरलं तर साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड शोधा. थंड असतानाच.

टप्पा ४: तापवणं आणि प्री-इलेक्ट्रोलिसिस

पेलेट या वेळी मेल्टच्या वर लटकलेली पाहिजे, मिठात पुरलेली नाही. पेलेट मिठात ठेवून सगळं एकत्र तापवायचा शॉर्टकट बरेच जण मारतात कारण मग सरकणारा सील लागत नाही, पण मिठातला उरलेला ओलावा मग थेट पेलेटच्या अंगावर येतो आणि प्री-इलेक्ट्रोलिसिस (पेलेट बुडवण्याआधी कमी व्होल्टेजवर मेल्ट स्वच्छ करणं) करता येत नाही ते वेगळंच.

मिनिटाला २-३ अंश. ३०० अंशांवर दोन-तीन तास थांबा, कारण बरणीतून क्रुसिबलमध्ये ओततानाही मिठानं ओलावा धरलेला असतो. मग ९०० पर्यंत सरळ.

तपासणी: मीठ वितळताना ७७२ अंशांपाशी थर्मोकपलचा आकडा अडकल्यासारखा होतो. तो खूपच खाली अडकला तर एकतर मीठ अशुद्ध आहे नाहीतर थर्मोकपल खोटं बोलतंय. दोन्ही बातम्या आत्ताच कळलेल्या बऱ्या.

आता ग्रॅफाइट अ‍ॅनोड आणि एखादी जुनी स्टीलची किंवा ग्रॅफाइटची काडी कॅथोड म्हणून घेऊन १.५ व्होल्ट लावा. करंट आधी जास्त असेल, मग पडत पडत सपाट होईल. घड्याळ बघून दोन तास झाले म्हणून थांबू नका, सपाट झाला म्हणून थांबा. तासन्‌तास सपाटच होत नसेल तर मीठ ओलं होतं, टप्पा १ कडे परत जा, पुढं रेटण्यात अर्थ नाही. झाल्यावर ती काडी बाहेर काढा, तिच्यावर मेल्टमधली घाण जमलेली असते.

सावध: मेल्टमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आधी मेल्टच्या वर धरून तापवा. भज्यांच्या कढईत ओला झारा घातल्यावर तेल कसं उडतं ते माहितेय, इथं तेलाच्या जागी ९०० अंशांचं मीठ आहे. फेस शील्ड, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे. सिंथेटिक टीशर्ट नको.

टप्पा ५: पेलेट आत, मग व्होल्टेज

पेलेट मेल्टच्या जरा वर पंधरा-वीस मिनिटं धरा, मग सावकाश बुडवा. लगेच बुडवली तर तडकून तळाला जाते आणि तुम्ही नुसत्या तारेचं इलेक्ट्रोलिसिस करत बसता. बुडवल्यावर दहा मिनिटं मीठ आत झिरपू द्या.

व्होल्टेज १.५ पासून पायऱ्यापायऱ्यानं अर्ध्या तासात ३.० व्होल्टपर्यंत न्या. आकड्यांचं कारण बघा: ९०० अंशांवर कॅल्शियम क्लोराइड फुटायला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात, कॅल्शियम ऑक्साइड फुटायला सुमारे २.६५. यांच्या मध्ये राहिलं की ऑक्साइड आयन जातो पण क्लोरीन येत नाही. पण हे ३.० व्होल्ट सेलच्या टोकांवर मोजलेले पाहिजेत, पॉवर सप्लायच्या डिस्प्लेवरचे नाही, कारण लांब तारांत आणि गंजलेल्या क्लिपांत पाव व्होल्ट सहज पडतो. व्होल्टेज मोजायच्या (सेन्सच्या) दोन वेगळ्या तारा लावा.

टप्पा ६: करंट वाचायला शिका

चांगल्या रनचा आकार असा: सुरुवातीला उंच, मग उतार, मध्ये लांब पसरट भाग, मग हळूहळू खाली येऊन एका पातळीवर स्थिर. ती शेवटची पातळी शून्य नसते, कॅल्शियम थोडा मेल्टमध्ये विरघळतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन वाहत राहतात. त्यामुळे करंट शून्याची वाट बघत दोन दिवस बसू नका, सपाट झाल्यावर अजून दोनेक तास देऊन थांबा. १ ग्रॅमच्या पेलेटला एक पूर्ण कामाचा दिवस धरून चाला.

बिघाड ओळखायच्या खुणा. सुरुवातीपासूनच करंट अगदी कमी: पेलेट आणि तारेचा संपर्क नाही, किंवा पेलेट पडली. लवकर पडून लवकर सपाट: छिद्रं बुजली, आत गाभा शिल्लक. आणि तिसरी, जिच्यावर लोक उलट खूश होतात, ती म्हणजे मधेच करंट उड्या मारत वाढायला लागतो. रिअ‍ॅक्शनचा वेग वाढला वाटतं, पण तसं काही नसतं. अ‍ॅनोडवरचा कार्बन डायऑक्साइड मेल्टमधल्या ऑक्साइडशी मिळून कार्बोनेट बनतो, तो कॅथोडवर जाऊन परत कार्बन होतो, ही काळी पूड मेल्टवर तरंगते आणि एक दिवस दोन्ही इलेक्ट्रोडना जोडून टाकते. शॉर्ट सर्किट, दुसरं काही नाही. तसं दिसलं तर व्होल्टेज खाली घ्या, आर्गॉन वाढवा, गरम केलेल्या स्टीलच्या पळीनं थर काढता आला तर काढा. पुढच्या वेळी अ‍ॅनोड लांब ठेवा आणि त्याचा पृष्ठभाग वाढवा. कार्बाइड करतोय म्हणजे जादा कार्बन चालेल असं नका समजू, हा कार्बन पेलेटच्या बाहेर सुटा बसतो आणि धुऊन निघत नाही.

टप्पा ७: बाहेर काढणं

व्होल्टेज चालू असतानाच पेलेट मेल्टच्या वर उचला, मग बंद करा. आधी बंद करून मग उचलली तर तेवढ्या वेळात सेल बॅटरीसारखा उलटा चालतो आणि पेलेटचा बाहेरचा भाग परत ऑक्साइड धरतो. अ‍ॅनोडही वर घ्या, तो मिठात गोठला तर पुढच्या वेळी क्रुसिबल फोडावं लागेल. खोलीच्या तापमानापर्यंत आर्गॉन बंद करायचा नाही, १५० अंशांवर झाकण उघडायचा मोह होतो, आवरा.

टप्पा ८: धुणं

आधी भरपूर गार पाणी, दोन-तीनदा बदलून. मीठ विरघळताना पाणी तापतं आणि कॅल्शियम उरला असेल तर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून हूडमध्ये आणि जवळ बर्नर नाही. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात चुना आणि कार्बोनेट जातात. नायट्रिक आम्ल घालू नका, ते कार्बाइडलाच विरघळवतं. शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं, सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाला पांढरं येणं थांबेपर्यंत. व्हॅक्यूममध्ये ६०-८० अंशांवर सुकवा, बारीक पूड हवेत जास्त तापवलीत तर ऑक्सिडाइझ होते.

वजन करा. १ ग्रॅम ऑक्साइडमागे ०.७५ पेक्षा जास्त भरलं तर आत काहीतरी उरलंय, मीठ, टायटॅनेट नाहीतर सुटा कार्बन.

टप्पा ९: एक्सआरडी नीट वाचा

कॉपरच्या एक्स-रेवर २७.४ अंशांना (हे अंश कोनाचे, तापमानाचे नाहीत) पीक म्हणजे रूटाइल (टायटॅनियम डायऑक्साइड) जसाच्या तसा उरलाय, ३३.१ च्या आसपास म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट. यांतलं एक जरी दिसलं तर टप्पा १ आणि २ परत. हे सोपं आहे.

अवघड ते पुढचं. कार्बाइडचे पीक ३५.९ आणि ४१.७ ला येतात, पण टायटॅनियम मोनॉक्साइडची रचनाही तशीच, त्याचा दुसरा पीक ४३.३ च्या जवळ, आणि कार्बन-ऑक्सिजन दोन्ही असलेला ऑक्सिकार्बाइड या दोघांच्या मध्ये कुठंही बसतो. सॉफ्टवेअर मात्र सरळ टायटॅनियम कार्बाइड असं लेबल लावून मोकळं होतं. पीक ४२.२ ला असेल तर तो कार्बाइड नाही, अर्धवट झालेला ऑक्सिकार्बाइड आहे, त्याला त्याच व्होल्टेजवर जास्त वेळ लागतो. मोजण्याआधी सिलिकॉनची पूड मिसळून स्केल तपासून घ्या, नमुना वर-खाली बसला तरी पीक सरकतात.

सुटा कार्बन एक्सआरडीत सहसा दिसत नाही. त्यासाठी टीजीए (तापवत तापवत वजन मोजायची चाचणी) करा, हवेत, पूर्ण जळेपर्यंत. शुद्ध कार्बाइडचं वजन ऑक्साइड होताना ३३.४ टक्क्यांनी वाढतं. वाढ यापेक्षा कमी आणि पीक मात्र ४१.७ लाच असेल तर जादा आहे तो कार्बन, पुढच्या पेलेटमध्ये ग्रॅफाइट थोडं कमी घ्या. वाढही कमी आणि पीकही उजवीकडे सरकलेला असेल तर ग्रॅफाइटला हात लावू नका, वेळ वाढवा.